इथिओपियाच्या मित्राशी बोलू कसं?

प्रश्न: ताई, मी परभणीचा, पुण्यात एम.एस्सी. करतो. प्रयोगशाळेतला जोडीदार इथिओपियाचा आहे. इंग्रजी चुकेल म्हणून मी गप्पच राहतो.

उत्तर: अरे, इंग्रजी त्याच्याही घरची भाषा नाही. घरी तो अम्हारिक किंवा ओरोमो बोलत असेल. मग भ्यायचं कुणाला? कळलं नाही तर नुसती मान डोलवू नकोस, 'पुन्हा सांग' म्हण. आपलं मान डोलावणं म्हणजे हो की नाही, हेच परदेशी मुलांना उमगत नाही. वर्गात मी हे नेहमी पाहते. त्याला इथिओपियाच्या 13 महिन्यांच्या कॅलेंडरबद्दल विचार, नवं वर्ष सप्टेंबरात येतं त्यांचं. इंजेराबद्दलही विचार, आंबवलेल्या पिठाचा तो, आमच्या कोकणातल्या आंबोळीसारखा. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते ना? त्यालाही जेवायला घेऊन जा.