मिनार अर्धेच का?

प्रश्न : अहमदाबादच्या जामा मशिदीचे मिनार अर्धवट का दिसतात? काम अपुरं राहिलं का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नाही हो, काम पूर्णच झालं होतं! गुजरातचा सुलतान असलेल्या पहिल्या अहमदशहाने 1411 मध्ये शहर वसवलं आणि ही मशीद 1424 ला बांधून झाली, मधल्या कमानीच्या दोन्ही बाजूंना उंच मिनार होते, एक हलवला की दुसरा हलायचा असं लोक सांगायचे म्हणून ते झुलते मिनार. 1819 च्या कच्छच्या भूकंपात त्यांचं नुकसान झालं, उरलाय तो खालचा भाग, पण त्यावरचं कोरीव काम जवळ जाऊन बघाच. आत अडीचशेवर खांब, पिवळसर वालुकाश्म, घुमटाच्या आतून वर बघितलं की दगडात कोरलेली कमळं, हिंदू-जैन मंदिरांची शैली इतकी सहज मिसळलीये की मला तरी हीच तिची सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. एका कोपऱ्यात जाळीमागे राजघराण्यातल्या बायकांसाठी वरची जागा आहे, ती चुकवू नका. पूर्वेच्या दाराबाहेर अहमदशहाची कबर, तिथून माणेक चौकाचा बाजार चालत गाठता येतो. ठाण्याहून जाताय तर नमाजाची वेळ सोडून सकाळी जा, अंगणात गर्दी कमी असते.