टॉटनहॅम-लिव्हरपूल: चूक लगेच कळूनही डियाझचा गोल परत का दिला नाही?

नियम आडवा आला म्हणून. प्रीमियर लीगचा फुटबॉल सामना, 30 सप्टेंबर 2023, 34वं मिनिट, स्कोअर 0-0. सलाहच्या पासवर लिव्हरपूलच्या डियाझने गोल केला, लाइन्समनने ऑफसाइडचा (पासच्या वेळी बचावपटूंच्या पुढे असल्याचा) झेंडा वर केला. व्हीएआरने (व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारा पंच) टॉटनहॅमचा बचावपटू रोमेरोच्या बुटापाशी रेषा लावून पाहिली, तर डियाझ स्पष्ट ऑनसाइड. पण मैदानावर गोल दिलेलाच आहे असं समजून व्हीएआर 'चेक कम्प्लीट' म्हणून मोकळा झाला. रेफरीला वाटलं, ऑफसाइडच कायम. टॉटनहॅमने फ्री किक घेतली आणि तिथेच दार बंद झालं.

खेळ पुन्हा सुरू झाल्यावर व्हीएआरला मागे जाता येतं ते फक्त दोन बाबतींत: चुकीच्या खेळाडूला कार्ड दिलं असेल तर, किंवा मारहाण, थुंकणं, चावणं अशा रेड कार्डच्या गुन्ह्यात. गोल त्यात बसत नाही. रिप्ले ऑपरेटर 'खेळ थांबवा' म्हणत होता, पण तोवर काही सेकंद उशीर झाला होता.

लिव्हरपूलच्या तेव्हाच्या प्रशिक्षकाने, क्लॉपने, सामना पुन्हा खेळवावा असं सुचवलं, तेही टिकणारं नव्हतं. व्हीएआरच्या चुकीमुळे सामना रद्द होत नाही असं प्रोटोकॉलमध्येच लिहिलंय.

नंतर पद्धत बदलली: व्हीएआरने निकाल आधी आपल्या सहायक व्हीएआरशी पडताळायचा, मगच मैदानावर कळवायचा.