विशेषणापुढे ‘टू’ येतं तेव्हा : वाचकांचे प्रश्न

इंग्रजीत विशेषणाला ‘टू’ आणि क्रियापद जोडायचं म्हटलं की भलेभले चाचपडतात. या वेळचे बहुतेक प्रश्न त्याच जोडणीचे आहेत, म्हणून ते एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : ऑफिसच्या मेलमध्ये मी ‘आय ॲम डिफिकल्ट टू अंडरस्टँड धिस रिपोर्ट’ असं लिहिलं. वरिष्ठांनी वाक्य बदललं, पण कारण सांगितलं नाही. ‘आय ॲम हॅपी टू हेल्प’ चालतं, मग हे का चालत नाही?

दोन्ही वाक्यं वरवर सारखीच दिसतात, म्हणून तुमचा प्रश्न रास्त आहे. फरक आहे तो क्रिया कोण करतंय यात. ‘आय ॲम हॅपी टू हेल्प’ मध्ये मदत करणारा ‘आय’च आहे. ‘डिफिकल्ट’ मात्र वेगळ्या जातीचं विशेषण आहे. ‘आय ॲम डिफिकल्ट टू अंडरस्टँड’ एवढंच वाक्य घेतलं तर त्याचा अर्थ ‘मी कळायला अवघड माणूस आहे’ असा होतो. म्हणजे ‘आय’ हा समजून घेणारा राहतच नाही, लोकांनी समजून घ्यायची गोष्ट बनतो. त्यापुढे ‘धिस रिपोर्ट’ आला की त्याला बसायला जागाच उरत नाही आणि वाक्य मोडतं.

चूक कुठून येते तेही उघड आहे. आपण मनात ‘मला हा रिपोर्ट समजायला अवघड जातोय’ असं म्हणतो आणि त्या ‘मला’च्या जागी ‘आय’ ठेवून मोकळे होतो.

या प्रकाराचं प्रसिद्ध उदाहरण भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९६०च्या दशकात चर्चेत आणलं : ‘जॉन इज ईगर टू प्लीज’ आणि ‘जॉन इज इझी टू प्लीज’. विशेषण सोडलं तर एका अक्षराचा फरक नाही. पण पहिल्या वाक्यात जॉन दुसऱ्यांना खूश करायला उत्सुक आहे, तर दुसऱ्यात जॉनला खूश करणं सोपं आहे. एकीकडे तो कर्ता आहे, दुसरीकडे कर्म, आणि हा उलटफेर एकटं विशेषण करतं.

भाषाशास्त्रज्ञ कॅरोल चॉम्स्की यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच ते दहा वर्षांच्या, इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांसमोर डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाहुली ठेवली आणि विचारलं, ही बाहुली ‘इझी टू सी’ आहे की ‘हार्ड टू सी’? बाहुली तर समोरच होती, म्हणजे दिसायला सोपी. तरी लहान मुलांपैकी अनेकांनी ‘हार्ड टू सी’ असं उत्तर दिलं, कारण त्यांनी पाहणारी बाहुलीच धरली होती. म्हणजे ज्यांची ही मातृभाषा आहे त्यांनाही ही रचना अंगवळणी पडायला वेळ लागतो. प्रौढ वयात इंग्रजी शिकणाऱ्याने इथे अडखळल्याबद्दल मुळीच कमीपणा मानू नये.

विशेषण कोणत्या गटातलं आहे ते ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. वाक्य ‘इट इज’ ने सुरू करून बघा. ‘इट इज इझी टू प्लीज जॉन’ जमतं, ‘इट इज ईगर टू प्लीज जॉन’ जमत नाही. ‘हार्ड’, ‘टफ’, ‘डिफिकल्ट’, ‘इम्पॉसिबल’, ‘डेंजरस’ ही ‘इझी’च्या बाजूची. ‘विलिंग’, ‘रिलक्टंट’, ‘अँक्शस’, ‘अनेबल’ ही ‘ईगर’च्या बाजूची.

आता तुमचा मेल. ‘आय फाइंड इट डिफिकल्ट टू अंडरस्टँड धिस रिपोर्ट’ किंवा ‘आय ॲम हॅविंग डिफिकल्टी अंडरस्टँडिंग धिस रिपोर्ट’ असं लिहा. ‘धिस रिपोर्ट इज डिफिकल्ट टू अंडरस्टँड’ हेही शंभर टक्के बरोबर आहे, पण त्यात दोष रिपोर्टच्या माथी जातो. रिपोर्ट ज्यांनी लिहिला त्यांनाच मेल जाणार असेल, तर मी पहिलं वाक्य निवडेन.

प्रश्न : ‘धिस पेन इज इझी टू राइट’ यात काय चुकलं? आणि ‘धिस बुक इज इझी टू बी रेड’ हे चालेल का?

पेन आपण लिहीत नाही, पेनाने लिहितो. वाक्य सरळ करून बघा : ‘राइट विथ धिस पेन’. पेन उचलून पुढे नेलं तरी ‘विथ’ जागेवरच राहायला हवं, म्हणून ‘धिस पेन इज इझी टू राइट विथ’. शेवटी लोंबकळणारा तो छोटा शब्द अनावश्यक वाटतो आणि लोक तो गाळतात, पण वाक्याचा सगळा भार त्याच्यावर असतो. ‘धिस चेअर इज कम्फर्टेबल टू सिट ऑन’, ‘ही इज डिफिकल्ट टू वर्क विथ’, ‘शी इज इझी टू टॉक टू’. शेवटच्या वाक्यातले दोन ‘टू’ बघा : पहिला क्रियापदाचा, दुसरा ‘तिच्याशी’ या अर्थाचा. दुसरा गाळून चालणार नाही.

याच्या उलट चूकही होते. ‘धिस बुक इज इझी टू रीड इट’ असं लिहिलेलं मी वारंवार पाहतो. पुस्तक वाक्याच्या सुरुवातीला आलेलं आहे, तेव्हा ‘रीड’नंतरची जागा रिकामीच ठेवायची.

‘टू बी रेड’ नको. पुस्तक वाचलं जातं म्हणून कर्मणी रूप हवं, असं तर्काला वाटतं खरं, पण ‘इझी’च्या गटात साधं क्रियापदच वापरतात. विशेषण नामाच्या आधी आणायचं असेल तर ‘ॲन इझी बुक टू रीड’ म्हणा. जाहिरातीत किंवा शीर्षकात ‘ॲन इझी-टू-रीड बुक’ शोभतं, मात्र तिथे मधल्या जोडरेषा हव्यातच.

प्रश्न : ‘आय ॲम नॉट पॉसिबल टू कम टुमॉरो’ असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. चूक आहे का?

चूक आहे. ‘पॉसिबल’ माणसाला लागत नाही, घटनेला लागतं. व्याकरणदृष्ट्या ‘इट इज नॉट पॉसिबल फॉर मी टू कम’ बरोबर आहे, पण बोलताना ते फार औपचारिक वाटतं. ‘आय वोंट बी एबल टू कम’ म्हणा, किंवा मित्रांत ‘आय कान्ट मेक इट’.

गंमत अशी की ‘धिस प्रॉब्लेम इज इम्पॉसिबल टू सॉल्व्ह’ बिनदिक्कत चालतं, पण ‘धिस प्रॉब्लेम इज पॉसिबल टू सॉल्व्ह’ हे इंग्रजी भाषकांच्या कानाला खटकतं. अशीच दुसरी जोडी ‘लाइकली’ आणि ‘प्रॉबेबल’ची. अर्थ जवळपास एकच, तरी ‘ही इज लाइकली टू विन’ बरोबर आणि ‘ही इज प्रॉबेबल टू विन’ चूक. तिथे ‘इट इज प्रॉबेबल दॅट ही विल विन’ असंच लिहावं लागतं. अर्थावरून रचनेचा अंदाज बांधता येत नाही, हे अशा जोड्यांमधून कळतं. म्हणूनच मी विद्यार्थ्यांना विशेषणांच्या याद्या पाठ करायला सांगत नाही. प्रत्येक विशेषण एका पूर्ण वाक्यासकट लक्षात ठेवा.

‘लाइकली’च्या शेजारी ‘शुअर’ बसतं, आणि तिथे एक सापळा आहे. ‘ही इज शुअर टू विन’ मध्ये खात्री बोलणाऱ्याची आहे. ज्याच्याबद्दल बोलतोय तो स्वतः घाबरलेलाही असू शकतो. खात्री त्याची स्वतःची असेल तर ‘ही इज शुअर ऑफ विनिंग’. एखाद्या उमेदवाराबद्दल बातमी लिहिणाऱ्याने हा फरक डोळ्यांत तेल घालून जपला पाहिजे.

प्रश्न : ‘काइंड ऑफ यू’ की ‘काइंड फॉर यू’?

‘इट वॉज काइंड ऑफ यू टू कॉल’. विशेषण माणसाच्या वागण्याची पारख करत असेल तर ‘ऑफ’ : काइंड, सिली, रूड, ब्रेव्ह, क्लेव्हर. ते फक्त कामाबद्दल असेल तर ‘फॉर’ : ‘इट इज इम्पॉर्टंट फॉर यू टू कॉल’. ‘गुड’ दोन्हीकडे जातं. ‘इट वॉज गुड ऑफ हिम टू रेस्ट’ म्हटलं तर विश्रांती घेऊन त्याने जणू कुणावर उपकार केले. ‘इट वॉज गुड फॉर हिम टू रेस्ट’ म्हणजे विश्रांती त्याच्या हिताची होती.

प्रश्न : ‘केपेबल टू डू’ लिहिलं की कॉम्प्युटर खाली लाल रेघ ओढतो. ‘एबल टू डू’ला ओढत नाही. असं का?

कारण ‘केपेबल’ला ‘टू’ लागतच नाही. ‘केपेबल ऑफ डूइंग’ लिहा.

काही विशेषणं दोन्ही रचना घेतात आणि तिथे अर्थ सरकतो. ‘आय वॉज अफ्रेड टू टेल हिम’ म्हणजे भीतीपोटी सांगायला धजावलो नाही. ‘आय वॉज अफ्रेड ऑफ फॉलिंग’ मध्ये पडायचं ठरवलेलं नाही, नकळत पडेन अशी धास्ती आहे. तिथे ‘अफ्रेड टू फॉल’ बसत नाही. ‘इंटरेस्टेड’चंही तसंच. काही कळण्या-ऐकण्याबद्दल ‘आय वुड बी इंटरेस्टेड टू नो’, पण एखादी गोष्ट करायची इच्छा असेल तर ‘इंटरेस्टेड इन बाइंग’.

प्रश्न : ‘द फिश इज रेडी टू ईट’ याचा नक्की अर्थ काय?

दोन्ही. मासा शिजून आपल्याला खाण्याजोगा झाला, किंवा भुकेला मासा आता खाणार. ‘रेडी’ हे ‘ईगर’ आणि ‘इझी’ अशा दोन्ही गटांत वावरतं, म्हणून निर्णय संदर्भावर सोडावा लागतो. लेखी सूचनेत संदिग्धता नको असेल तर इथे मात्र ‘रेडी टू बी ईटन’ चालतं. ‘इझी’ला न चालणारं कर्मणी रूप ‘रेडी’ला चालतं.

प्रश्न : उशीर झाल्यावर ‘सॉरी टू कीप यू वेटिंग’ म्हणायचं की ‘सॉरी टू हॅव केप्ट यू वेटिंग’?

समोरचा अजून ताटकळतोय, फोन होल्डवर आहे, तर पहिलं. वाट पाहणं संपलं, तुम्ही पोहोचलात, तर काटेकोरपणे दुसरं. पण त्या क्षणीही पहिलं सर्रास बोललं जातं आणि त्यात कुणी चूक काढत नाही. दोन दिवसांनी पत्रात दिलगिरी व्यक्त करत असाल तर मात्र ‘टू हॅव केप्ट’च लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की तुम्ही त्याला अजून थांबवूनच ठेवलंय.