‘फास्ट’ झोपायचं म्हणजे कसं?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. निबंधात तिने ‘माय ग्रँडफादर वॉज व्हेरी अस्लीप’ असं लिहिलं. बाईंनी ‘व्हेरी’ खोडून ‘फास्ट’ केलं आणि अर्धा गुण कापला. फास्ट म्हणजे भरभर ना? आमचे दादा पाठ टेकताच घोरायला लागतात हे खरं, पण बाईंना ते कसं कळलं?
— एक पालक, परभणी

उत्तर : दादांच्या घोरण्याचा इथे काही संबंध नाही. साडीच्या दुकानात तुम्ही ‘रंग फास्ट आहे ना?’ असं विचारता, तेव्हा तो रंग पळणार नाही ना, हेच विचारत असता. ‘फास्ट’चा जुना अर्थ घट्ट, पक्का, जागचा न हलणारा, वेगाचा अर्थ नंतर चिकटला. विमानात सीट बेल्ट ‘फास्टन’ करायला सांगतात, तोही याच घरातला शब्द. म्हणजे आजोबा झोपेत घट्ट रुतलेले. आपण गाढ म्हणतो, ते म्हणतात ‘फास्ट अस्लीप’. उलट टक्क जागा असलेला माणूस ‘वाइड अवेक’.

‘ब्रँड न्यू’चंही असंच. हा ब्रँड कंपनीचा नव्हे. ब्रँड म्हणजे जळतं लाकूड, विस्तव. भट्टीतून नुकतं बाहेर आलेलं ते ‘ब्रँड न्यू’. शेक्सपिअरच्या नाटकांत तर ‘फायर-न्यू’ असाच शब्द येतो. आपलं कोरंकरकरीत कापडाच्या करकरीतून आलंय, त्यांचं विस्तवातून.

मग ‘व्हेरी’ का चालत नाही? आपल्याकडेच बघा. लालभडक लुगडं, लालचुटूक ओठ, रागाने लालबुंद चेहरा. तिन्ही लालच, पण ‘लालबुंद लुगडं’ म्हटलं की आजी हसेल. धोतर पांढरंशुभ्र असतं, भेदरलेल्याचा चेहरा पांढराफटक पडतो. ही अदलाबदल करून बघा. शिवाय ‘खूप काळाकुट्ट’ असं आपण म्हणत नाही, कारण ‘कुट्ट’मध्ये खूप आलंच. तसंच ‘इम्पॉसिबल’, ‘एक्झॉस्टेड’ हे शब्द आधीच टोकाला पोचलेले. त्यांच्यापुढे सहसा ‘व्हेरी’ लावत नाहीत, ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ किंवा ‘कम्प्लीटली’ लावतात.

या जोड्यांना स्वभावही असतो. ‘बिटरली’ थंडीला लागतं, निराशेला लागतं, आनंदाला नाही. ‘अटर्ली’ बहुधा वाईटाच्याच सोबतीला: अटर्ली रिडिक्युलस, अटर्ली यूजलेस. (म्हणूनच अमूलचं ‘अटर्ली बटर्ली डिलिशस’ कानाला खट्याळ वाटतं. यमक तर आहेच, पण शब्दही भलत्याच घरात शिरलाय.)

मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी उशिरा पोचलो म्हणून मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहिली होती, ‘आय अ‍ॅम हायली सॉरी’. त्यांनी काही न बोलता ‘हायली’ला गोल केला आणि चिठ्ठी परत दिली. मी दिवसभर शब्दकोश चाळला. ‘हायली’चा अर्थ बरोबर होता, चूक सापडेना. सापडणार कशी? कोशात सुटा शब्द भेटतो, त्याचा जोडीदार नाही. ‘हायली’ अनलाइक्ली असतं, क्वॉलिफाइड असतं. सॉरी ‘डीपली’ नाहीतर ‘टेरिब्ली’. लंडनमध्ये शिकवणारे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ 1957 साली म्हणाले होते की शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा. हे गृहस्थ त्याआधी लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते.

तेव्हा मुलीला एक वही करायला सांगा, पण त्यात सुटा शब्द लिहायचा नाही, जोडीच लिहायची: पिच डार्क, स्टोन डेफ, ड्रिपिंग वेट. शेजारी आपलं मराठी, म्हणजे काळामिट्ट, ठार बहिरा, ओलाचिंब. ‘पिच’ म्हणजे डांबर, हे सांगितलंत तर तो अंधार तिच्या डोळ्यांपुढे आपोआप येईल.

बाईंची दुरुस्ती बरोबर आहे. अर्धा गुण मात्र मी कापला नसता. मुलीने नियम लावला होता, आणि इथे नियमच नाही.