उंच केलेल्या गाडीचे शॉकअप तुटले: दुकानदार जबाबदार की मालक?

प्रश्न: मी गेल्या वर्षी एका गृहस्थाकडून फोर बाय फोर गाडी विकत घेतली. त्यांनी लिफ्ट किट बसवून ती सुमारे दोन इंच उंच केली होती आणि ते मला दिसत होते. मागचे शॉकअप गळू लागले म्हणून मी एका दुकानात गेलो. त्यांनी गाडी पाहिली, ‘हे बसतील’ म्हणून शॉकअप निवडले आणि बसवूनही दिले. काही आठवड्यांतच कच्च्या रस्त्यावर एका शॉकअपचा रॉड वाकला आणि चासीवरचे ब्रॅकेट फाटले. आता दुकानदार म्हणतो, गाडी मॉडिफाय केलेली आहे, वॉरंटी लागू नाही. तक्रार केली तर माझ्यावरच आरटीओची कारवाई होईल का? आणि नवे शॉकअप कोणते घेऊ?

उत्तर: तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घाई तिथेच आहे. सध्या कोणतेही शॉकअप घेऊ नका आणि दुकानदाराने बसवलेले कोणालाही देऊ नका. ‘हे परत द्या, दुसरे देतो’ असे दुकानदार म्हणाला तरी लेखी काही हातात आल्याशिवाय देऊ नका. वाकलेला शॉकअप, त्याच्या जोडीचा धड शॉकअप आणि फाटलेले ब्रॅकेट हाच तुमचा पुरावा आहे. ब्रॅकेटला वेल्डिंग करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. शॉकअपवर छापलेला पार्ट नंबर फोटोत स्पष्ट दिसला पाहिजे.

आता मापे. गाडी उंच केली की शॉकअपच्या बाबतीत दोन प्रकारे चूक होते. शॉकअप आखूड पडला तर चाक खड्ड्यात उतरताना सगळा अ‍ॅक्सल त्या शॉकअपलाच लोंबकळतो. आतले सील आणि वरखालचे बोल्ट ओढले जातात. उलट तो गरजेपेक्षा लांब असला तर चाक वर येताना बंप स्टॉपचा (चाकाला ठरावीक मर्यादेपुढे वर येऊ न देणाऱ्या अडसराचा) रबर टेकण्याआधीच शॉकअप आतल्या आत पूर्ण बंद होतो आणि धक्का थेट रॉडवर व ब्रॅकेटवर बसतो. रॉड वाकणे आणि ब्रॅकेट फाटणे ही लक्षणे या दुसऱ्या चुकीकडे बोट दाखवतात. पण लक्षणांवर खटला उभा राहत नाही. बंप स्टॉप पूर्ण दाबला गेलेला असताना वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत किती अंतर उरते ते मोजून घ्या. त्याच्या शेजारी धड शॉकअप पूर्ण दाबल्यावरची लांबी लिहा. ही लांबी त्या अंतरापेक्षा जास्त भरली, तर तो शॉकअप या गाडीसाठी चुकीचाच निवडला होता, यावर वाद घालणे दुकानदाराला अवघड जाईल. हे मोजमाप स्वतः करू नका. स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअर किंवा परवानाधारक सर्व्हेअरकडून करून घ्या आणि त्याचा सहीचा अहवाल घ्या. बोल्ट वाकडा आवळला होता का, बुश (बोल्टभोवतीची रबरी नळी) घासली होती का, हेही त्याला पाहायला सांगा. समोरचा वकील हाच मुद्दा पहिला काढेल.

‘वॉरंटी लागू नाही’ या उत्तराने दबून जाऊ नका. वॉरंटी मालातल्या दोषाची असते. तुमची तक्रार त्याहून वेगळी आहे: गाडी समोर उभी असताना चुकीची वस्तू निवडली आणि ती बसवली. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ नुसार, वस्तू कशासाठी हवी हे ग्राहकाने विक्रेत्याला कळवले असेल, तो विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला असेल आणि अशा वस्तू विकणे हा विक्रेत्याचा धंदाच असेल, तर ती वस्तू त्या कामाला योग्य असावी ही अट करारात गृहीतच धरली जाते. निवडून बसवून देण्यातली चूक ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीही ठरते.

मात्र त्याच कलम १६ मध्ये एक अपवाद आहे आणि तुमच्या प्रकरणाचा निकाल बहुधा त्यावरच ठरेल. ग्राहकाने ठरावीक वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागितली असेल, तर योग्यतेची ही गृहीत अट लागू होत नाही. म्हणजे ‘मला अमुक ब्रँडचे अमुक मॉडेलच द्या’ असे तुम्ही म्हणाला असाल तर बाजू कमकुवत आहे. ‘गाडी उंच केलेली आहे, काय बसेल ते तुम्ही सांगा’ असे म्हणाला असाल तर भक्कम आहे. तुमच्या पत्रावरून दुसरी गोष्ट घडलेली दिसते, पण ती सिद्ध करावी लागेल. दुकानदाराशी झालेले व्हॉट्सअ‍ॅपवरचे मूळ संदेश फोनमधून पुसू नका, फोनही बदलू नका. असे संदेश पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र सोबत जोडावे. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांबाबत दिवाणी न्यायालयाइतका काटेकोर नसतो, तरी ही कसर ठेवू नये.

दुकानदार कदाचित ग्राहक कायद्याचे कलम ८७ दाखवेल. उत्पादनात फेरफार केलेला असेल तर विक्रेत्यावर उत्पादन दायित्वाचा (सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीच्या भरपाईचा) दावा चालत नाही, असे ते कलम म्हणते. पण इथे उत्पादन म्हणजे शॉकअप. त्यात तुम्ही काहीही बदललेले नाही.

आता तुमची खरी भीती. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला (आर.सी.तला) तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका कडकपणे मांडली. ‘आर.सी.वर उंची लिहिलेलीच नाही, मग बिघडले काय?’ हा युक्तिवाद मी अनेकांकडून ऐकतो. त्या निकालानंतर मी स्वतः त्यावर विसंबणार नाही. बेकायदा बदलासाठी कलम १८२अ(४) मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. ही शिक्षा बदल करणाऱ्या मालकाला आहे आणि बदल तुम्ही केलेला नाही, हा तुमचा बचाव. पण कलम ५३ गाडीच्या मागे लागते: गाडी कायद्याच्या अटींत बसत नाही किंवा लोकांना धोकादायक आहे असे वाटले, तर तुमचे म्हणणे ऐकून आरटीओ नोंदणी निलंबित करू शकते. तेव्हा धोका आहे, आणि तो गाडी मूळ स्थितीत आणूनच टळेल.

म्हणून दुकानदाराने केलेली चूक माफ होते का? माझ्या मते नाही. बेकायदा उद्देशाचा करार शून्य, म्हणजे रद्दबातल, हे करार कायद्याचे कलम २३ तो पुढे करेल. पण तुमचा करार गाडी उंच करण्याचा नव्हता, गळके शॉकअप बदलण्याचा होता. तक्रारीत लिफ्टची गोष्ट स्वतःहून पहिल्या परिच्छेदात लिहा. ती लपवली आणि उलटतपासणीत बाहेर आली, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडेल.

आधीच्या मालकाचा नाद सोडा. तो धंदेवाईक विक्रेता नाही आणि लिफ्ट तुम्हाला दिसत होती. विमा कंपनीला मात्र बदलाची माहिती लेखी द्या. तुमच्या गाडीने इतर कोणाला इजा झाली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मुळे केवळ या बदलाच्या जोरावर कंपनीला त्यांची भरपाई टाळणे सोपे नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा मात्र ती याच कारणाने अडवू शकते.

अहवाल हातात आल्यावर शॉकअप घ्या, आणि गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर मूळ उंचीचेच घ्या. पण नुसते शॉकअप मूळ मापाचे आणि स्प्रिंग उंच, असे करू नका. मग आखूड शॉकअपची वर सांगितलेली चूक होईल. स्प्रिंग, शॉकअप आणि बंप स्टॉप तिन्ही उत्पादकाच्या मापाचे हवेत. लिफ्टसाठी ब्रेकचे होज किंवा एबीएसच्या वायरी लांबवल्या असतील तर त्याही पूर्ववत करून हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवून घ्या. बिलावर पार्ट नंबर आणि ‘मूळ उंचीनुसार बसवले’ असे लिहून घ्या. आरटीओपुढे हेच बिल कामी येईल.

त्यानंतर दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. शॉकअपची रक्कम, ब्रॅकेट दुरुस्तीचा खर्च आणि अहवालाचा खर्च वेगवेगळा मागा. मूळ उंचीवर परत येण्याचा खर्च त्यात घालू नका, तो त्याच्या चुकीमुळे आलेला नाही. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते. मोबदला, म्हणजे तुम्ही दुकानदाराला दिलेली रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. तुमच्या बाबतीत ती रॉड वाकला त्या दिवसापासून धरा.