अठरा पूर्ण झाली, आता सही कोणाची?

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ मुलांचे पालक आणि भावंडं यांची पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न: माझी मुलगी २४ वर्षांची आहे, प्रमाणपत्रावर अक्षमता ७५ टक्के. आजीने तिच्या नावे ठेवलेली मुदतठेव पिकली. बँक म्हणते, तिला सही करता येत नाही आणि तुम्ही तिचे कायदेशीर पालक नाही. आई-वडील असून पालक कसे नाही?
– एक आई, सातारा

उत्तर: बँक चुकीचं सांगत नाही. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं, अक्षमता कितीही असो. त्यानंतर तुम्हाला पालक म्हणून नेमून घ्यावं लागतं. नेमणूक राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली होते आणि ती करते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती, म्हणजे पालक मंडळी जिला ‘लोकल लेव्हल कमिटी’ म्हणतात ती. तिच्यात न्यासाकडे नोंदणी झालेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच प्रकारांना हा कायदा लागू आहे. नुसता डिस्लेक्सिया असलेल्या प्रौढाचे व्यवहार त्याचे त्यालाच करायचे असतात, त्याच्यासाठी पालक नेमायला जाऊ नका.

आधी मुलीचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, तयार ठेवा. नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सिव्हिल हॉस्पिटलला तपासणी करून घ्या. आधार, जन्मदाखला आणि कार्ड या तिन्हींवर नाव अक्षरन् अक्षर एकच हवं. सर्वाधिक अर्ज इथेच अडकतात. मग ‘नमुना अ’मध्ये अर्ज करायचा. आई-वडील दोघं हयात असतील तर दोघांनी मिळून करावा. भावंडांचं संमतीपत्र बऱ्याच ठिकाणी मागतात, ते सोबतच जोडा. पालकत्व कशासाठी हवं आहे हे मोघम लिहू नका. ‘सांभाळण्यासाठी’ एवढंच लिहिलं की आदेशही तसाच मोघम येतो आणि बँक पुन्हा परत पाठवते. ठेवीचा क्रमांक, खातं, घर-जमिनीतला हिस्सा असेल तर तोही, सगळं अर्जात येऊ द्या. पालकाची गरज आहे का आणि कोणत्या कामांसाठी, हे समितीने तपासायचं असं कायदाच सांगतो.

समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हावी अशी तरतूद आहे. होत नसेल, तर बहुधा संस्थेच्या प्रतिनिधीची जागा रिकामी असते. जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा आणि पोच घ्या.

आदेश हातात आला की बँकेत त्याची प्रत द्या. समितीने दिलेलं पालकत्वाचं प्रमाणपत्र बँकांनी खात्यासाठी ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच कळवलं आहे. शाखेला ठाऊक नसेल तर त्या पत्राचा उल्लेख अर्जात करा. फाइल इथे बंद होत नाही बरं का: नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. हे फार थोडे पालक करतात, आणि पुढे नातेवाइकांत वाद झाला की तेच अंगाशी येतं.

प्रश्न: मी निवृत्त राज्य सरकारी कर्मचारी. धाकटा मुलगा ३१ वर्षांचा, विशेष आहे. फ्लॅट मृत्युपत्राने त्याच्या नावे करावा आणि थोरल्याला पालक नेमावं असा विचार आहे.
– एक वडील, नाशिक

उत्तर: हेतू चांगला, पण दोन्ही गोष्टी तशा होणार नाहीत. प्रौढ मुलाचा पालक मृत्युपत्राने नेमला जात नाही. तुमच्यानंतर थोरल्यालाही समितीकडेच अर्ज करावा लागेल. आणि फ्लॅट थेट धाकट्याच्या नावे गेला, की उद्या तो भाड्याने द्यायचा वा विकायचा तर करारावर सही कोण करणार? मृत्युपत्र न करणं हाही मार्ग नाही, कारण हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार अक्षमतेमुळे कोणाचा वारसाहक्क जात नाही. त्याचा हिस्सा येतोच आणि तिथेच अडकतो. सोसायटीतलं नामनिर्देशनही मालकी देत नाही.

आमच्या मते त्याच्यासाठी भारतीय विश्वस्त कायदा, १८८२ खाली खासगी ट्रस्ट करावा. हयातीत थोडी रक्कम टाकून तो सुरू करायचा आणि मृत्युपत्रात बाकीचं ट्रस्टला द्यायचं. हयातीतच फ्लॅट ट्रस्टमध्ये टाकायचा असेल तर दस्त नोंदवावा लागतो. मुद्रांक शुल्काचा आकडा वकिलाकडून आधी काढून घ्या. विश्वस्त तीन ठेवा आणि त्यातला एक तरी तुमच्या पुढच्या पिढीतला. मुलाला सांभाळणारा आणि पैसे हातात असणारा, एकच माणूस नको. थोरल्यावर अविश्वास म्हणून नाही; त्याच्याही घरी उद्या सून-जावई येतील.

तुमचं पेन्शन मात्र विसरू नका. राज्याच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार, उपजीविका मिळवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, वयाची नेहमीची मर्यादा ओलांडल्यावरही. तुमच्या जुन्या कार्यालयामार्फत त्याचं नाव आणि वैद्यकीय प्रमाणपत्र हयातीतच महालेखापालांकडे पाठवा. नंतर भावंडांना हेच सिद्ध करायला फार खेटे घालावे लागतात. खासगी नोकरीवाल्यांनीही पाहावं: ईपीएस-९५ मध्ये, म्हणजे भविष्य निर्वाह निधीसोबतच्या पेन्शन योजनेत, कायमस्वरूपी पूर्ण अक्षम अपत्याला वयाची अट नाही.

प्रश्न: विशेष शाळा अठराला संपली. भाऊ तेव्हापासून घरात बसून आहे, चिडतो. आई थकली आहे. वसतिगृह शोधावं का?
– एक बहीण, ठाणे

उत्तर: आधी दिवसाची सोय बघा. चिडचिड बऱ्याचदा रिकाम्या दिवसाची असते; पण वागणं अचानक बदललं असेल तर दात, कान, बद्धकोष्ठता आणि फिट्सच्या गोळ्यांचा डोस तपासा, सांगता न येणारं दुखणं असंच बाहेर पडतं. प्रौढांसाठीच्या कार्यशाळांमध्ये पणत्या, उटणं, फायली, कागदी पिशव्या अशी कामं चालतात. पुण्यात कामायनी, मुंबईत जय वकील आणि ओम क्रिएशन्स ही जुनी नावं. जाल तेव्हा दिवाळीच्या मालाचा सीझन नसतानाच्या दिवशी जा. काम नसताना मुलं काय करतात ते त्या दिवशी कळतं. मानधन मुलाच्या स्वतःच्या खात्यात जातं का, तेही विचारा.

निवासी सोय हवीच असेल तर डोंबिवलीजवळ खोणीचं घरकुल, मुळशीतल्या कोळवणचं साधना व्हिलेज, मारुंजीचं नवक्षितिज पाहून या. जागा रिकामी असतेच असं नाही, म्हणून गरज पडण्याआधी नाव घाला. अनामत रकमेची पावती आणि ती परत मिळण्याची अट लेखी घ्या. पहिल्यांदा आठवडा-पंधरा दिवस ठेवून बघा. सोबत एक पान लिहून द्या: गोळ्यांची नावं आणि वेळा, झोपेच्या सवयी, कशाची भीती वाटते, संडासला जायचं कसं सुचवतो. ‘सगळं खातो, शांत आहे’ एवढ्यावर कोणालाच माणूस सांभाळता येत नाही.

आणि राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा काढला नसेल तर काढा. पहिल्या उत्तरातल्या चारही प्रकारांना वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, थेरपीचा खर्चही मर्यादेत मिळतो. मुदत ३१ मार्चला संपते आणि नूतनीकरण आपणच करायचं असतं. थेरपीच्या प्रत्येक पावतीवर तारीख, सही आणि केंद्राचा शिक्का घेत चला, आणि दावा महिन्याच्या आत पाठवा.