तिबेटी भाषेत पूर्ण बायबल यायला 90 वर्षं का लागली? हिमालयामुळे का?

हिमालय, बर्फ, बंद वाटा ही कारणं होतीच, पण माझ्या मते खरा वेळ शब्दांनी खाल्ला. मी अनुवादाची कामं करतो, लेहला जाताना केलाँगला मुक्काम पडला तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय.

मोरावियन मिशन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती मिशनच्या जर्मन लोकांना पुढे तिबेटमध्ये जायला परवानगी मिळेना म्हणून ते 1856 ला हिमाचलच्या लाहौलमधल्या केलाँगलाच राहिले. पुढच्या वर्षी याच मिशनचा येश्के तिथे आला, तो भाषेचा जबरदस्त जाणकार. त्याच्यासमोर पहिलाच प्रश्न, कुठली तिबेटी? लडाखचा माणूस, ल्हासाचा माणूस आणि पूर्व तिबेटातल्या खामचा माणूस एकमेकांशी बोलायला लागले तर पंचाईत होते, पण ग्रंथांची लिखित भाषा मात्र सगळीकडे एकच, म्हणून त्याने ती निवडली. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी बरोबर उलटं केलं, साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल आणलं. मला मन रमाबाईंकडे ओढतं, पण येश्केच्या जागी मीही ग्रंथभाषाच घेतली असती, नाहीतर दर दोन खोऱ्यांमागे वेगळं पुस्तक लागलं असतं.

मग 'देव' कसा म्हणायचा? त्याने 'कोन्चोग' घेतला, म्हणजे दुर्मीळ आणि सर्वश्रेष्ठ. पण 'कोन्चोग सुम' म्हणजे बुद्ध, धम्म, संघ! आपल्याकडे त्रिशरण म्हणणाऱ्या कुणालाही विचारा, त्या शब्दाचं वजन काय असतं ते. त्यात बायबलमध्ये निकदेम नावाच्या यहुदी गुरूला येशू सांगतो की नव्याने जन्म घ्यावा लागेल, आणि इथे ऐकणाऱ्याची सगळी धडपड पुन्हा जन्म नको म्हणून चाललेली! आता एका शब्दात हे कसं सोडवणार? मेंढपाळ, कोकरू, हरवलेलं मेंढरू यांचा मात्र काहीच त्रास नाही, तिबेटी माणसाला ते आपल्यापेक्षा पटकन कळतं.

आणखी एक गोष्ट म्हणजे आदरार्थी शब्द. आपण देवाला बिनधास्त 'तू' म्हणतो, मराठी बायबलमधल्या प्रार्थनेतही 'तुझे नाव' असंच आहे. तिबेटीत मात्र मोठ्या माणसाचं डोकं, पाय, मन, बोलणं सगळ्याला वेगळेच शब्द आहेत, म्हणजे प्रत्येक वाक्यात कोण कुणाशी कुठल्या मानाने बोलतंय ते आधी ठरवा आणि मग लिहा.

येश्केचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश 1881 ला आला, तो अजूनही लोक वापरतात. 1883 ला तो वारला, नव्या कराराचं उरलेलं काम सहकाऱ्यांनी पूर्ण केलं आणि तो 1885 ला बर्लिनला छापला गेला. जुन्या करारासाठी मिशनचे फ्रांके आणि लडाखचे योसेब गेरगन राबले. 'गेरगन' म्हणजेच मास्तर. परक्या माणसाने शिकून लिहिलेली भाषा आणि घरच्या माणसाची भाषा यात फरक पडतोच, म्हणून मला सगळ्यात जास्त आदर गेरगन यांच्याबद्दल वाटतो, आणि त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही याचं वाईट वाटतं. 1935 पर्यंत त्यांनी जुना करार संपवला, मग तपासणी, दुरुस्त्या, मध्ये महायुद्ध, असं करत करत पूर्ण बायबल लाहोरला 1948 ला छापून निघालं. गेरगन 1946 लाच गेले होते.